डिमेन्शिया आणि घरातले सांभाळणारे: आम्हाला फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सारखे येणारे प्रश्न

पुण्यात डिमेन्शिया झालेल्या माणसांच्या घरच्यांसाठी आमचा छोटा गट काम करतो. आम्हाला फोन जास्त येतात ते दुपारी १ ते ४ मध्ये (हो, पुण्यात, आणि आम्ही उचलतो), कारण तेव्हा सासूबाई झोपलेल्या असतात आणि सुनेला हळू आवाजात का होईना पण बोलता येतं. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. सगळं वाचत बसू नका, आपल्या घराला लागू आहे तेवढं वाचा, एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे नंबर दिलाय. आम्ही डॉक्टर नाही आणि वकीलही नाही, घरात हे काढलेली माणसं आहोत. मी स्वतः वडिलांना सहा वर्षं सांभाळलं, त्यामुळे मधेमधे त्यांचा विषय येईल.

१. डिमेन्शिया आणि अल्झायमर एकच का? डॉक्टर दोन्ही शब्द वापरतात.

एकच नाही. ताप कसा मलेरियाचा असतो, टायफॉइडचा असतो, तसं डिमेन्शिया हे लक्षणांचं नाव आणि अल्झायमर हे त्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण, दहातल्या सहा-सात जणांना तेच असतं. बाकी मग मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून होणारा व्हॅस्क्युलर, भास आणि थरथर दिसणारा लुई बॉडी, स्वभाव आधी बदलणारा फ्रंटोटेम्पोरल, आणि बीपी-शुगरवाल्या मंडळींत पुष्कळदा दोन एकत्र. प्रकार माहीत असलेला बरा, कारण काही औषधं एका प्रकारात चालतात आणि दुसऱ्यात घात करतात (प्रश्न १३). मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात पण तो शब्द जरा फसवा आहे, नुसती आठवण जात नाही, हिशोब, रस्ते, शब्द, स्वभाव सगळंच हलतं.

२. सासूबाई ७४ च्या आहेत, विसरतात. या वयात सगळ्यांचं होतंच ना?

नाही होत. 'साठी बुद्धी नाठी' म्हणत म्हणत घरोघरी दोन-तीन वर्षं अशीच जातात. २०२३ साली आलेल्या देशभरच्या पाहणीत साठीच्या वरच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया निघाला, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. आकडा मोठाच आहे, पण ९२ टक्क्यांहून जास्त लोकांना तो नाहीये हेही त्यातच आलं, मग वयावर ढकलून कसं चालेल.

चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, हे तुमचं-आमचं सगळ्यांचं. चष्मा फ्रीजमध्ये सापडला आणि तो कुणीतरी मुद्दाम तिथे ठेवला असं त्या म्हणाल्या, तर लक्ष द्या. हातात बसलेली कामं बिघडतायत का ते बघायचं. चाळीस वर्षं पुरणपोळी करणारी बाई पुरण शिजल्यावर ओट्यापाशी उभी राहून पुढे काय करायचं विचारते, किंवा मंडईतून निघताना रिक्षावाल्याला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही, किंवा विजेचं बिल एकाच महिन्यात तीनदा भरलेलं निघतं. असं वारंवार दिसलं तर दाखवून घ्या.

३. कुठल्या डॉक्टरला दाखवायचं? आणि ते यायलाच तयार नाहीत, मला काय वेड लागलंय का म्हणतात.

न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ, दोघंही निदान करतात. सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून केली तरी चालेल, उलट बरंच, कारण 'बीपी चेक करायला जाऊन येऊ' म्हटलं की बहुतेक जण निघतात. खर्चाचा प्रश्न असेल तर ससून हे सरकारी हॉस्पिटल आहे.

आधी रक्ताच्या तपासण्या होतात, बी १२, थायरॉइड, सोडियम, शुगर, आणि डोक्याचा सीटी किंवा एमआरआय. या टाळू नका. शाकाहारी घरांत बी १२ खूप कमी झालेलं सापडतं. महिन्याभरापूर्वी बाथरूममध्ये पडले होते, काही लागलं नाही म्हणून सोडून दिलं, आणि डोक्यात हळूहळू रक्त साठत गेलं असंही होतं. डिप्रेशनमध्येही माणूस विसरल्यासारखा वागतो. या गोष्टींवर उपाय आहेत आणि वेळेत सापडल्या तर माणूस बराच सुधारतो.

मग ३० मार्कांची एक चाचणी घेतात. आमच्यातल्या एकीच्या आजेसासूबाईंना तारीख विचारली, महिना विचारला, त्या गप्प, मार्क गेले. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, आज संकष्टी आहे, चंद्रोदयाच्या आत घरी पोचू ना. संकष्टी होती खरंच. त्यांच्या हिशोबात तिथी होती, तारीख कधी नव्हतीच. त्यामुळे शिक्षण किती, रोजचं आयुष्य कसं गेलं हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि एका कागदावर कधीपासून काय बदललं ते लिहून न्या, सोबत चालू असलेली सगळी औषधं, आयुर्वेदिकसुद्धा.

४. बरा होतो का हा आजार?

अल्झायमर बरा होत नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन या गोळ्यांनी काही जणांचं रोजचं वागणं काही काळ थोडं सावरतं, आजार मागे फिरत नाही. डोनेपेझिलने मळमळ, जुलाब, भूक कमी होणं, नाडी मंद होणं असे त्रास होऊ शकतात, तसं झालं तर गोळी मनाने बंद करू नका, फोन करा डॉक्टरांना. लेकॅनेमॅब, डोनानेमॅब या नव्या इंजेक्शनांचे फॉरवर्ड फिरतात, ती फक्त अगदी सुरुवातीच्या अल्झायमरसाठी आहेत, आजाराचा वेग थोडा कमी करतात, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने परत परत एमआरआय करावा लागतो.

ब्राह्मी, बदाम, 'मेमरी पॉवर' सिरप यावर आम्ही भांडत नाही, पण महिन्याला पाच हजाराचं पॅकेज घेऊन 'सहा महिन्यांत पूर्ववत' म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका, ते दुपारच्या मदतनीस बाईला द्या. आणि एक, सर्दीच्या, झोपेच्या, लघवीवर ताबा राहण्याच्या काही गोळ्यांनी गोंधळ वाढतो, मेडिकलवाल्याला विचारून परस्पर काही आणू नका.

५. तुम्ही नक्की काय करता? फी किती?

फी नाही. दर शनिवारी ४ ते ६ घरच्यांची बैठक असते. नव्याने आलेल्यांच्या घरी आमच्यातलं कुणीतरी एकदा जाऊन बघतं, कुठे पाय घसरेल, गॅस कसा बंद ठेवायचा, रात्री दिवा कुठे लावायचा. घरी काम करणाऱ्या मावशींना आणि मामांना आम्ही दोन दिवस शिकवतो. व्हीलचेअर, कमोड खुर्ची, एअर बेड वापरायला देतो, डिपॉझिटही घेत नाही, फक्त काम झालं की परत करा (करत नाहीत लोक, असो). औषध लिहून देत नाही, आणि राहायची सोय नाहीये, त्याबद्दल प्रश्न १५.

६. अजून निदान झालं नाहीये. शिवाय घरात कुणाला न सांगता यायचंय. चालेल?

चालेल. कागद कुणी मागत नाही. उलट आमची तक्रार हीच आहे की लोक फार उशिरा येतात, घरातलं एक माणूस आजारी आणि दुसरं सांभाळून सांभाळून आजारी पडायच्या बेतात, मग फोन येतो. निम्म्याहून जास्त जणींचं पहिलं वाक्य 'तसं काही विशेष नाहीये हो, सहज विचारायचं होतं' असं असतं आणि मग पाऊण तास फोन चालतो. निदानाआधी आलात तर बँकेची कामं तरी वेळेत होतात (प्रश्न १८).

७. बैठकीला त्यांना घेऊन यायचं का?

घरी कुणी नसेल तर आणा. शेजारच्या खोलीत दोन स्वयंसेवक असतात, तिथे शेंगा सोलणं, वाती वळणं, गाणी म्हणणं चालू असतं. भीमसेनांचे अभंग लावले की जे एरवी दिवसभर बोलत नाहीत तेही विठ्ठल विठ्ठल करतात. पण सुरुवातीच्या स्टेजचा माणूस, ज्याला सगळं कळतंय, त्याला बैठकीच्या खोलीत बसवून त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलू नका. हे घरी पण. त्यांना ऐकू येतं.

८. आई सगळ्यांना सांगते की सुनेने माझ्या बांगड्या चोरल्या. मी तीच सून. काय करू?

हा आमचा एक नंबरचा प्रश्न. होतं काय, की त्या स्वतःच बांगड्या जपून ठेवतात, ठेवल्याचं पुसलं जातं, बांगड्या नाहीत एवढं मात्र दिसतं, मग मेंदू मधली जागा भरून काढतो आणि नाव येतं ते जे माणूस दिवसभर समोर असतं त्याचं. लांब राहणाऱ्या जावेवर आळ कधीच येत नाही, बघा.

'मी नाही घेतल्या' म्हणू नका, पुरावे देऊ नका, वाद जिंकून काही मिळत नाही. 'अगं बाई, बांगड्या नाहीत? चला, आपण शोधू' म्हणा आणि खरंच शोधा, तांदळाचा डबा, देव्हाऱ्याच्या मागे, उशीची खोळ, जुन्या साडीची घडी. कचरा देण्याआधी एकदा त्यातही बघा. सापडल्या की 'बघा, मी म्हणत होते ना' हे तोंडापर्यंत येतं, ते गिळायचं. खऱ्या बांगड्या लॉकरमध्ये हलवून हातात खोट्या ठेवा, वजन साधारण तेवढंच असलं की बास. आणि नणंदा-दीर, शेजारी, कामाच्या बाई यांना आजाराबद्दल आधीच सांगून टाका, आळ आल्यावर सांगितलं तर ते सारवासारव वाटतं.

९. बाबा रोज संध्याकाळी 'मला घरी जायचंय' म्हणतात. घरातच तर आहेत!

दिवस कलायला लागला की बेचैनी वाढते, बऱ्याच जणांत दिसतं हे, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. दिवसभराचा थकवा, कमी होणारा उजेड, वाढणाऱ्या सावल्या, भूक, सगळ्याचं मिळून होतं. साडेचारला काहीतरी खायला द्या, पाचलाच घरातले सगळे दिवे लावा, टीव्हीवरच्या मारामाऱ्या बंद करा. 'घरी' म्हणजे पत्ता असेलच असं नाही, आईजवळ किंवा लहानपणीच्या वाड्यात, जिथे बरं वाटायचं तिथे जायचं असतं त्यांना. 'तुमची आई जाऊन चाळीस वर्षं झाली' हे सांगू नका, त्यांना ते दर वेळी नव्याने कळतं.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, पीएमटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन पंचवीस वर्षं झाली तरी रोज पाच वाजता शर्टाची बटणं लावून दारात, ड्युटीवर जायचंय, स्वारगेटला गाडी लागली असेल. पहिलं वर्षभर आम्ही 'अण्णा, पीएमटी राहिलीच नाही आता, पीएमपीएमएल झाली' असलं काहीतरी समजावत बसलो, आणि रोज रडारड. मग भावाने माळ्यावरून त्यांची चामड्याची बॅग काढली, चिल्लर भरली, रद्दी कापून तिकिटं केली आणि म्हणाला, अण्णा, आज सेकंड शिफ्ट आहे, आधी हिशोब लावून ठेवा. खाटेवर बसून ते नाणी लावायचे, एकाची एकावर, दोनाची दोनावर, बोटं अशी चालायची की बघत राहावं. एकदा मला म्हणाले, सुट्टे द्या ताई. मी दिले. सात वाजले की बॅग खुंटीला आणि जेवायला बसायचे. हा आजारावरचा उपाय नाही, अण्णांना लागू पडला एवढंच, तुमच्या घरात दुसरं काहीतरी चालेल, ते माणूस जन्मभर काय करत होतं त्यात शोधा.

१०. आंघोळीवरून रोज महाभारत होतं.

थंडी वाजते, पडायची भीती वाटते, मुलीसमोर किंवा सुनेसमोर कपडे काढायची लाज वाटते, आणि शॉवर तर डोक्यावर अचानक पडणारं पाणी. बादली आणि तांब्या आणा परत. तांब्या त्यांच्या हातात द्या, हाताला सवय असते, बाकी आपोआप होतं. 'आंघोळ करायची का?' विचारलं की उत्तर नाहीच येणार, 'पाणी काढलंय, गार होईल' म्हणा. एका घरात दर वेळी उटणं लावून 'आज पहिली आंघोळ' सांगतात, आजी खुशीत बसतात, वर्षाला दीडशे दिवाळ्या होतात त्यांच्या. रोज हवीच असंही नाही, एक दिवसाआड ओल्या पंचाने पुसून घेतलं तरी चालतं.

११. घरातून निघून गेले तर?

गेल्यावर तासभर 'येतील इतक्यात' करत थांबू नका, लगेच ११२ ला फोन करा. आधी करायच्या गोष्टी आज करा, म्हणजे अगदी आजच: समोरून आणि बाजूने स्वच्छ फोटो, खिशात आणि गळ्यात नाव आणि तुमचा फोन नंबर, आणि सोसायटीचा वॉचमन, वाणी, इस्त्रीवाला यांना सांगून ठेवणं. लाज वाटते लोकांना हे सांगायची, पण सापडतात ते वॉचमन आणि इस्त्रीवाल्यामुळेच.

बरेच जण जुन्या ओळखीच्या जागेकडे जातात. कोथरूडच्या एका घरातले आजोबा दुपारी गेले ते रात्री नारायण पेठेत सापडले, जिथे त्यांचा वाडा होता तिथे आता सात मजली बिल्डिंग आहे, तिच्यासमोर पानपट्टीच्या पायरीवर बसले होते, आपला दरवाजा कुठे गेला म्हणून. तेव्हा शोधताना जुनं घर, जुनं ऑफिस, नेहमीचं देऊळ, तिकडे जाणाऱ्या बसचा स्टॉप हे आधी बघा.

दाराला कडी अगदी वर किंवा अगदी खाली लावा, नजरेच्या टप्प्यात नसली की सहसा सापडत नाही. पण त्यांना एकट्याला आत कोंडून बाहेर जाऊ नका. गॅस आहे, शॉर्टसर्किट आहे, नकोच.

१२. परवापर्यंत ठीक होते, दोन दिवसांत एकदम बिघडलं. आजार वाढला का?

डिमेन्शिया सहसा दोन दिवसांत असा वाढत नाही. एकदम गोंधळ, दिवसा झोप-रात्री आरडाओरडा, माणूस ओळखत नाही, असं झालं तर लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं, बद्धकोष्ठ, नवीन गोळी, पडणं किंवा पक्षाघात यातलं काहीतरी असू शकतं. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शनमध्ये ताप येतोच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे. तोंड वाकडं, हातपाय लुळा, बोलणं अडखळतंय असं असेल तर मात्र थेट हॉस्पिटल, एक मिनिट घालवू नका.

१३. आजोबांना खोलीत लहान मुलं दिसतात. बाहेरचं काही असेल का, बघून घेऊ का?

बाहेरचं नाही, आतलंच आहे. हळूहळू सुरू होऊन रोज दिसत असेल, सोबत हात थरथरणं, पावलं घासत चालणं, झोपेत लाथा मारणं, एक दिवस चांगला एक दिवस वाईट असं असेल तर लुई बॉडीचा प्रकार असू शकतो. (अचानक सुरू झालं असेल तर वरचा १२ वाचा.) लुई बॉडीत हॅलोपेरिडॉलसारखी शांत करायची औषधं भयंकर बाधू शकतात, माणूस लाकडासारखा कडक होतो, म्हणून हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट कराल तेव्हा पहिल्या डॉक्टरला हे सांगा आणि फाइलवर लिहून घ्या. मुलं त्रास देत नसतील आणि आजोबांना भीती वाटत नसेल तर दिसू देत. एक आजी त्यांना बिस्किटं ठेवायच्या, मुंग्या झाल्या एवढंच.

१४. ब्युरोमधून बाई घ्यावी का? विश्वास कसा ठेवायचा?

घ्या, परवडत असेल तर उशीर करू नका. ब्युरोला विचारा की आधार आणि पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का, सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार. पहिले आठ दिवस तुम्ही घरी असाल असं बघा. पैसे, दागिने कुलपात, म्हणजे त्या बाईंवरही उगाच आळ येत नाही (प्रश्न ८ चं लक्षात आहे ना). आणि मावशी पण माणूस आहे, बारा तास शिव्या खाऊन संध्याकाळी बसने हडपसरला जाते, तिला वेगळ्या कपात चहा देणाऱ्या घरात बाई टिकत नाही आणि मग आम्हाला फोन येतो की बायका टिकत नाहीत.

१५. आईला संस्थेत ठेवलं तर पाप लागेल का? तुमच्याकडे सोय आहे?

आमच्याकडे नाही. पुण्यात आणि आसपास डिमेन्शियाची माणसं ठेवून घेणारी केंद्रं आहेत, आम्ही नाव सुचवत नाही पण बघायला जाताना काय विचारायचं ते सांगतो: रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी, बांधून ठेवतात का, कधीही न कळवता भेटायला येऊ देतात का. तिसऱ्याला 'नाही' म्हणाले तर उठून या.

पापाचं म्हणाल, तर हा प्रश्न विचारणारी माणसं बहुतेक वेळा पाच-सात वर्षं एकटीने सांभाळून, स्वतःची पाठ, नोकरी, झोप घालवून बसलेली असतात. ज्यांनी महिन्यात एकदाही फोन केला नाही ते नातेवाईक कधी विचारत नाहीत पाप लागेल का.

१६. काल मी आईवर ओरडलो, हात पण उगारला. मला स्वतःचीच भीती वाटते.

हे लिहून पाठवणारे तुम्ही एकटे नाही, दर आठवड्याला येतं. त्या क्षणी त्यांना सुरक्षित बसवून दुसऱ्या खोलीत जा, दार ओढा, पाच मिनिटं. आम्हाला फोन लागला नाही तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. हात खरंच उठत असेल तर मात्र सांभाळणारा बदलायला हवा, काही दिवस तरी, आणि ते कसं करायचं ते शनिवारी बसून ठरवू. रात्री सलग झोप मिळते का तुम्हाला? आम्ही हे सगळ्यात आधी विचारतो, कारण बऱ्याचदा गाडी तिथेच अडलेली असते.

१७. भाऊ अमेरिकेत आहे. त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बाबा छान बोलतात, म्हणून त्याला वाटतं मी वाढवून सांगते.

पाहुण्यांसमोर, डॉक्टरसमोर, कॉलवर दहा-पंधरा मिनिटं माणूस सगळी ताकद लावून सावरून बोलतं. 'काय म्हणतोस, हवा कशी आहे, जेवलास का' एवढ्यात कॉल संपतो, हे तर सवयीने येतं. भावाला म्हणा दोन तासांचा कॉल लावून ठेव, फोन कपाटावर ठेवून आम्ही आमची कामं करतो, बघत बस. किंवा सुट्टीत आला की चार दिवस तू एकटा सांभाळ, आम्ही महाबळेश्वरला जातो. दुसऱ्या दिवशीच फोन येतो. लांबून करण्यासारखीही कामं आहेत, ब्युरोचे पैसे, औषधं ऑनलाइन मागवणं, विम्याचे कागद, ती त्याच्या नावावर लावा.

१८. बाबांना सही जमत नाही. मुखत्यारपत्र आहे माझ्याकडे, त्यावर बँकेचं भागेल ना?

दुर्दैवाने नाही. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते पत्रही संपतं, कायदा तसाच आहे, आणि नेमकं जेव्हा लागतं तेव्हाच ते उपयोगाचं राहत नाही. नंतर खात्यासाठी किंवा फ्लॅटसाठी उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो, म्हणजे वकील, वैद्यकीय अहवाल, तारखा. म्हणून निदान लवकर झालं असेल आणि समज शाबूत असेल तेव्हाच खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं) करून घ्या, नॉमिनी तपासा, मृत्युपत्र करायचं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून करा. निदान झालं म्हणजे मृत्युपत्र करता येतच नाही असं नाही, करताना काय करतोय हे कळत असलं पाहिजे.

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात व्हीलचेअर घेऊन रांगेत जाऊ नका. मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, पोस्टमन घरी येऊनही करतो, आणि ७० च्या वरच्यांना घरपोच सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलेलं आहे. काउंटरवर हे ठणकावून सांगा.

१९. टॅक्समध्ये सवलत, अपंगत्वाचा दाखला, विमा, यातलं काय मिळतं?

टॅक्स: जुन्या करप्रणालीत उपचारांच्या खर्चावर वजावट आहे (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडीबी), तिच्या यादीत डिमेन्शियाचं नाव स्पष्ट आहे, ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत, न्यूरॉलॉजिस्टचा कागद लागतो. नवी करप्रणाली घेतली असेल तर नाही. दाखला: अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत डिमेन्शिया हा शब्द नाही, त्यामुळे खिडकीवर 'असा प्रकारच नाही' म्हणून परत पाठवतात, एकीला दोनदा पाठवलं. मानसिक आजार या गटात अर्ज करा, तिथे आयडियाज नावाच्या मोजपट्टीने मोजतात, ४० टक्के आणि वर आलं तर दाखला. विमा: ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत हॉस्पिटलचा खर्च मिळतो, उत्पन्नाची अट नाही. पण घरची मावशी, डायपर, डे केअर यातलं काहीही त्यात बसत नाही, आणि खरा खर्च तोच असतो.

२०. माझ्या मिस्टरांचं वय ५४ आहे. इतक्या लवकर होतं का?

कमी जणांना, पण होतं. १९०१ साली डॉ. अल्झायमर यांच्याकडे जी बाई आली, जिच्यामुळे आजाराला त्यांचं नाव पडलं, ती ५१ वर्षांची होती. या वयात विसरण्याऐवजी स्वभाव आधी बदलतो असंही दिसतं, भिडस्त माणूस चारचौघांत वाट्टेल ते बोलतो, पैसे उधळतो, कुणाचं काही वाटेनासं होतं, आणि घरचे समजतात की दारू किंवा बाहेर काहीतरी भानगड. नोकरी चालू असेल तर राजीनामा देऊ नका, कुणी द्या म्हटलं तरी, आधी निदान आणि मेडिकल ग्राउंडवर काय मिळतं ते बघा. मुलं शाळेत असतात अशा घरांत, त्यांच्याशी काय बोलायचं यासाठी आम्ही वेगळं भेटतो.

२१. आईला होता, म्हणजे मला होणार?

होणारच असं नाही. धोका थोडा वाढतो, पण एका जनुकामुळे थेट पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा अल्झायमर शंभरात एकापेक्षा कमी. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने बदलता येण्याजोगी १४ कारणं दिलीत आणि त्यांवर काम केलं तर ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो म्हटलंय: बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगरेट, एकटेपणा, आणि कमी ऐकू येणं सुद्धा. कानाचं मशीन लावायला लाजणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.

२२. आजी काही गिळत नाहीत. डॉक्टर नाकातून नळी घालू का विचारतात.

यात आम्ही हो-नाही सांगणार नाही, पण आजार अगदी शेवटच्या टप्प्यात असेल तर नळीने आयुष्य वाढतं किंवा छातीत अन्न जाणं थांबतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, हे माहीत असू द्या. शिवाय नळी उपटतात म्हणून मग हात बांधतात. चमच्याने, हळू, बसवून, जेवढं घेतील तेवढं मऊ भात किंवा पेज देत राहणं हाही एक रीतसर मार्ग आहे, त्याला उपाशी ठेवणं म्हणत नाहीत. डॉक्टरांना थेट विचारा, तुमची आई असती तर काय केलं असतं. गिळणं आत्ता आत्ताच अचानक थांबलं असेल तर मात्र १२ वा प्रश्न.

२३. मला मदत करायचीय. पैसे देऊ की वेळ?

वेळ असेल तर वेळ. दर आठवड्याला दोन तास, वर्षभर. एका घरी जाऊन आजोबांशी पत्ते खेळायचे, तेवढ्यात त्यांच्या बायकोला केस कापून येता येतात. उत्साहाने महिनाभर येऊन गायब होणाऱ्यांनी कृपया पैसेच द्यावेत.

२४. सासरे गेले. घरात डायपरची पाकिटं, एअर बेड, वॉकर पडून आहे. घेता का तुम्ही?

घेतो. डायपर न फोडलेले, साइझ वर लिहून. एअर बेडचा पंप चालतो का बघून, गादी डेटॉलने पुसून. औषधं नाही घेत, ती उघडी असोत की बंद. घाई काहीच नाही, तेरावं होऊ दे, महिना जाऊ दे. शनिवारी आणलंत तर साडेपाचच्या सुमाराला आणा, बैठक संपत आलेली असते, चहा होतो, सामान वर चढवायला माणसंही असतात. तुम्हाला बसायचं असेल तर बसा थोडा वेळ, बरेच जण बसतात.